हार्लेमच्या दिवाणखान्यातला उर्स

न्यूयॉर्कमध्ये जॅझ कुठं ऐकायचा, असं विचारलं की लोक ग्रीनिच व्हिलेज भागातल्या क्लबांची नावं सांगतात. व्हिलेज व्हॅनगार्ड १९३५पासून चालू आहे, ब्लू नोट १९८१पासून. तिकीट काढायचं, टेबलाशी बसायचं आणि वर काहीतरी प्यायला मागवायचं. ते ‘काहीतरी’ म्हणजे साधा सोडाही चालतो, दारूची सक्ती नाही. तरी मला अशा जागी अवघडल्यासारखं होतं. यात दीनदारी किती आणि मिरजेच्या माणसाचा बुजरेपणा किती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

२०१८च्या ऑक्टोबरात जर्सी सिटीला भाच्याकडे मुक्काम होता. त्याला ही अडचण सांगितली तर तो म्हणाला, “मामू, मग रविवारी हार्लेमला जा. तिथं एक बाई स्वतःच्या घरात जॅझची मैफल करतात. तिकीट नाही, दारू नाही. सफरचंदाचा रस देतात.” मला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. मार्जोरी एलियट हे नाव न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. पियानोवादक, नटी, नाटककार. हार्लेमच्या वरच्या अंगाला, एजकॉम्ब अ‍ॅव्हेन्यूवर, ५५५ नंबरच्या इमारतीत त्यांचं घर. दर रविवारी दुपारी तिथं जॅझ वाजतो आणि जो दार ठोठावेल त्याला आत घेतात. हे १९९०च्या दशकापासून चाललेलं आहे.

ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ओळखधून ‘टेक द ए ट्रेन’ बिली स्ट्रेहॉर्ननं रचली. १९४१चं रेकॉर्डिंग. हार्लेममधल्या शुगर हिल नावाच्या टेकाडावर जायचं तर कुठली गाडी पकडावी, हाच तिचा विषय. मी मात्र सी गाडीनं गेलो, कारण दिवसा ए गाडी १६३व्या रस्त्याच्या स्टेशनावर थांबतच नाही. गाण्यावर भरवसा ठेवून प्रवास करू नये.

या टेकाडाला ‘शुगर’ म्हणण्याचं कारण, इथलं जिणं गोड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैसा आणि नाव कमावलेले कृष्णवर्णीय लोक खालच्या दाटीतून वर इथं राहायला आले. पण ५५५ नंबरच्या इमारतीला त्यांना आत घ्यायला बराच काळ लागला. ती १९१४ ते १९१६च्या दरम्यान बांधली गेली आणि १९३९-४०पर्यंत तिथं फक्त गोरे भाडेकरू राहत. मग गोरे हळूहळू निघून गेले, दार उघडलं आणि काही वर्षांतच तिथल्या भाडेकरूंची यादी म्हणजे एका समाजाची चरित्रमालाच झाली. गायक-नट पॉल रोबसन, वाद्यवृंदाचा नायक काउंट बेसी, मुष्टियोद्धा जो लुईस, नट कॅनडा ली, आणि मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क. काळ्या-गोऱ्या बाहुल्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग क्लार्क पतिपत्नींचा. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, त्या निकालात या प्रयोगाचा आधार होता.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. ही इमारत उभी राहत होती त्याच सुमाराला, १९१३ ते १९१६ या वर्षांत, इथून दोन-सव्वादोन मैलांवर कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. पुढं १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस तेव्हा याच एजकॉम्ब अ‍ॅव्हेन्यूवर, ४०९ नंबरच्या इमारतीत राहत होते. रस्ता उतारानं थोडा खाली गेला की ती इमारत लागते. मी आधी तिथंच जाऊन उभा राहिलो, त्यामुळे मैफलीला पोचायला उशीर झाला.

उशीर झाल्यामुळे जागा मिळाली ती बोळात. हे घर काही मोठं नाही. पुढच्या खोलीत पियानो, त्याच्यासमोर घडीच्या खुर्च्यांच्या रांगा. रांगा खोलीत मावत नाहीत म्हणून त्या स्वयंपाकघरापर्यंत आणि दाराकडे जाणाऱ्या बोळात येतात. बोळात बसलेल्याला पियानो दिसत नाही, समोरच्या माणसाची मान दिसते. भिंतींवर कात्रणं, फोटो. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी मला बघून पाय आत घेतले आणि दबक्या आवाजात सांगितलं की इथं बसायला मिळालं हे नशीब समजा, इथून आवाज जास्त चांगला येतो. मला ती समजूत काढण्याची तऱ्हा वाटली. पण खरंच होतं. बोळ लाकडी जमिनीचा, अरुंद. पियानोचे खालचे स्वर पायांतून वर येत होते.

माईक नव्हता. सॅक्सोफोन एवढ्या जवळून, विजेच्या मदतीशिवाय, मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, बोटांखाली झडपा मिटण्याची टकटक ऐकू येते. मी जॅझ ऐकला तो बहुतेक कॅसेट आणि सीडीवर. त्याही आधी हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून, नकळत. सी. रामचंद्रांबरोबर गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट काम करायचा, ‘अलबेला’च्या गाण्यांत तो वाजवतो. ही गाणी आमच्या घरी अब्बांच्या रेडिओवर लागायची, आणि हे वाद्य कुठलं असं मी विचारलं की अब्बा सगळ्यांनाच ‘बाजा’ म्हणायचे.

आता मुद्द्यावर येतो. घरात जॅझ, ही गोष्ट प्रवाशांसाठीच्या पुस्तकांत गंमत म्हणून छापतात. पण इतिहास बघितला तर घर हीच या संगीताची जुनी जागा आहे. क्लबात ते पोटासाठी गेलं.

१९२०च्या दशकात दक्षिणेतून आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी बरेच हार्लेममध्ये स्थिरावले. शहराच्या इतर भागांत त्यांना कुणी घर देत नसे, म्हणून हार्लेमचे घरमालक भाडं वाट्टेल तसं वाढवत. पगार कमी, भाडं जास्त. मग भाडेकरूंनी एक तोडगा काढला. शनिवारी रात्री घरातलं सामान भिंतीला लावायचं, एक पियानोवाला बोलवायचा, तळलेले मासे आणि डुकराचं मांस रांधायचं, आणि येईल त्याच्याकडून दाराशी थोडे पैसे घ्यायचे. जमलेल्या पैशांतून महिन्याचं भाडं. या बैठकींची छोटी छापील आमंत्रणं वाटली जात. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी ती गोळा करून ठेवली होती. जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ, फॅट्स वॉलर हे पियानोवादक याच घरांत गाजले. ढोल नाही, बास नाही, खोलीत माणसं मुंगीसारखी. तेव्हा डावा हात खालच्या स्वरावरून वरच्या स्वरमेळावर अशा ढांगा टाकत ठेका धरणार आणि उजवा हात वर खेळणार. त्या वादनशैलीला ‘स्ट्राइड’, म्हणजे ढांगच म्हणतात.

त्याच काळात लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर कॉटन क्लब जोरात होता. १९२७च्या डिसेंबरात एलिंग्टन तिथं रुजू झाला आणि तिथूनच रेडिओवरून देशभर पोचला. मंचावर सगळे कृष्णवर्णीय, मालक एक गोरा गुंड, आणि प्रेक्षकांत फक्त गोरे. हार्लेमच्या मधोमध असलेल्या जागेत हार्लेमच्या माणसाला खुर्ची नव्हती. देवळाच्या बाहेर सनई वाजवणाऱ्याला आत जाता येत नसे, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको.

मग कायदा आला. १९२६ला न्यूयॉर्कनं कॅबरे कायदा केला, म्हणजे जिथं लोक खातात-पितात तिथं गाणं-नाचणं असेल तर परवाना हवा. १९४०पासून तर तिथं वाजवणाऱ्या प्रत्येक कलावंताला पोलिसांकडून बोटांचे ठसे देऊन कार्ड घ्यावं लागायचं. एखाद्या गुन्ह्यात नाव आलं की कार्ड गेलं. बिली हॉलिडेचं कार्ड १९४७ साली गेलं आणि १९५९ला मरेपर्यंत न्यूयॉर्कच्या क्लबांत तिला गाता आलं नाही. १९४८ साली कार्नेगी हॉलमध्ये ती गायली, कारण तिथं दारू विकत नव्हते, त्यामुळे कार्ड लागत नव्हतं. थेलोनियस मंकचं कार्ड १९५१मध्ये गेलं ते १९५७ला परत मिळालं. ही ऐन उमेदीची सहा वर्षं. कार्डाची पद्धत १९६७ला बंद झाली, कायदा मात्र २०१७ला रद्द झाला. म्हणजे मी तिथं जाण्याच्या फक्त वर्षभर आधी.

क्लब असा पोलिसांच्या हातात, तर मग संगीत शिकायचं कुठं, एकमेकांना ऐकवायचं कुठं? घरात. १९४०च्या दशकात पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांचं घर याच टेकाडावर, हॅमिल्टन टेरेसवर होतं. रात्रीचे कार्यक्रम आटोपले की मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी ही मंडळी पहाटे त्यांच्याकडे यायची. एकजण पियानोवर बसायचा, बाकीचे त्याच्या चुका काढायचे. पुढं ‘बीबॉप’ म्हणून जे जगभर गेलं त्याचा बराचसा रियाज एका बाईच्या दिवाणखान्यात, तिच्या चहा-नाश्त्यावर झालाय. इतिहासाच्या पुस्तकांत मिंटन्स प्लेहाऊस या क्लबला जेवढी पानं मिळतात त्याच्या निम्मीही या घराला मिळत नाहीत. घर बाईचं होतं, हे त्याचं एक कारण असावं.

१९७०च्या दशकात क्लब रॉक संगीताकडे वळले तेव्हाही हेच घडलं. सॅम रिव्हर्स आणि त्यांची पत्नी बिआट्रिस यांनी बाँड स्ट्रीटवरच्या आपल्या राहत्या जागेत मैफली सुरू केल्या.

आणि याच इतिहासात एक धागा आपला आहे. १९२० साली मुफ्ती मुहम्मद सादिक नावाचे अहमदिया प्रचारक फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरले. पंजाबातल्या कादियानहून निघालेल्या या पंथाच्या लोकांना आपल्याकडचे बहुतेक उलेमा मुसलमानच मानत नाहीत. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना इस्लामची पहिली ओळख ज्यांनी करून दिली त्यांत हे लोक पुढं होते, हे नाकारून चालणार नाही. पुढं १९२१ला सादिक यांनी नियतकालिक काढलं. १९४०च्या दशकात जॅझ वाजवणारे कितीतरी तरुण या वाटेनं मुसलमान झाले. ड्रमवादक आर्ट ब्लेकी अब्दुल्ला इब्न बुहैना झाला. एडमंड ग्रेगरी हा साहिब शिहाब झाला. फ्रेडरिक रसेल जोन्स हा अहमद जमाल झाला. डिझी गिलेस्पीनं आत्मचरित्रात लिहिलंय की नाव बदललं की काहींच्या ओळखपत्रावर ‘काळा’ हा शिक्का पडत नसे, हॉटेलात जेवायला मिळे. म्हणून सगळ्यांचा ईमान तेवढ्यापुरता होता असं कुणी समजू नये. ब्लेकी आणि जमाल यांनी काय केलं ते वेगवेगळं आहे, आणि दारूचा प्रश्न आला की ते फार स्पष्ट दिसतं.

अहमद जमालची ‘अ‍ॅट द पर्शिंग’ ही १९५८ची तबकडी तुफान खपली. त्या जोरावर त्यानं शिकागोत स्वतःचा क्लब काढला. नाव अल्हंब्रा. तिथं दारू मिळत नसे. तो फार दिवस चालला नाही. क्लबाची कमाई बाटलीतून येते, गाण्यातून नाही, हे गणित त्याला महागात पडलं. सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणारे युसुफ लतीफ यांनी उलट केलं. १९८०च्या सुमाराला त्यांनी जाहीर करून टाकलं की जिथं दारू विकली जाते तिथं आपण वाजवणार नाही. त्यांचं म्हणणं असं की या संगीतासाठी माणसांनी रक्त आटवलंय, ते ग्लासांच्या किणकिणाटात वाजवायची वस्तू नाही. ‘जॅझ’ हा शब्दही त्यांना नको होता. नाइटक्लब सोडल्यावर पोट भरायला त्यांनी शिकवलं, लिहिलं, सभागृहांत वाजवलं. २०१३ला ते गेले.

मध्यंतरात शेजारच्या गृहस्थांनी भिंतीवरचा एक फोटो दाखवला. बॉब कनिंगहॅम, बासवादक. अनेक वर्षं या घरात रविवारी वाजवायचे, २०१७ला वारले. हे कनिंगहॅम १९७०च्या दशकात युसुफ लतीफ यांच्या चौकडीत होते. मी हातातला सफरचंदाचा रस खाली ठेवला. ज्या जागेच्या शोधात लतीफ यांनी क्लब सोडले आणि जमालनं पैसे बुडवले, ती जागा त्यांच्याच एका साथीदाराला या तिसऱ्या मजल्यावर मिळाली होती, आणि ती कुठल्याही फतव्यानं तयार झालेली नव्हती.

ती तयार झाली ती एका मरणातून. १९९२च्या जानेवारीत मार्जोरी एलियट यांचा मुलगा फिलिप वारला. तो दिवस रविवार होता. त्यानंतर रविवार उजाडला की त्यांना सोसवत नसे. म्हणून त्यांनी त्याच्या आठवणीत संगीताचा कार्यक्रम ठेवला. तो झाला शेजारच्या मॉरिस-जुमेल वाड्याच्या हिरवळीवर. हा वाडा १७६५चा, १७७६च्या शरदात जॉर्ज वॉशिंग्टनचा तळ तिथं होता. नंतर कार्यक्रम त्यांनी घरात आणला आणि मग दर रविवारी. पुढं आणखीही मुलगा गमावला. रविवार थांबला नाही. रुडेल हा त्यांचा मुलगा आईबरोबर गातो, वाजवतो. दाराजवळ एक पेटी असते, ज्याला जे टाकायचं ते टाकावं. कुणी बघत नाही. कलावंतांना मानधन मात्र दिलं जातं.

मी त्यांना पाहिलं ते शेवटच्या अर्ध्या तासात, कुणीतरी उठून गेल्यावर पुढं सरकायला मिळालं तेव्हा. लांब झगा, केसात फुलं, पाठ ताठ. वय ऐंशीच्या आसपास. डोळे मिटून वाजवत होत्या. चर्चमध्ये म्हणतात त्या जुन्या भजनांतलं एक होतं. खोलीत जपानी होते, फ्रेंच होते, शेजारपाजारच्या म्हाताऱ्या होत्या. कुणी टाळी दिली नाही, कुणी मोबाइल वर धरला नाही. एक मूल रडायला लागलं तेव्हा आईनं त्याला स्वयंपाकघरात नेलं, आणि पियानो थोडा हळू झाला, असं मला तरी वाटलं.

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उर्साला जी मैफल भरते ती मी लहानपणापासून ऐकतोय. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ला गेले, त्यांची कबर त्याच आवारात आहे. त्यांच्या नावानं गवई येतात, हजेरी म्हणून गातात. हिंदू येतात, मुसलमान येतात. ‘उर्स’ या शब्दाचा अर्थ लग्न. बुजुर्गाचा मृत्यू म्हणजे त्याचं मालकाशी मीलन, म्हणून त्या दिवशी रडायचं नाही, गायचं. हे आम्ही बुजुर्गांपुरतं ठेवलं. घरातलं माणूस गेलं की मात्र गाणं बंद. अब्बांचा इंतकाल २०११ला झाला. चाळीस दिवस रेडिओ लावायचा नाही, असं मोठ्या चाचांनी सांगितलं. चेहलम झालं, पण रेडिओ कुणी लावला नाही. अम्मीनं त्याला शिवलेलं कापड घातलं आणि कपाटावर ठेवला. सात वर्षं तो तिथंच होता. कुणी मनाई केली नव्हती. सुरुवात कुणी करायची, एवढाच प्रश्न होता.

या बाईंनी ती पहिल्याच वर्षी केली होती.

निघताना त्या दाराशी उभ्या होत्या, प्रत्येकाचा हात हातात घेत होत्या. माझी पाळी आली तेव्हा इंग्रजीत काय म्हणावं ते सुचलं नाही. मी शुक्रिया म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू रोजच ऐकतात.

परत आल्यावर रेडिओ खाली काढला. सेल आत गळून पत्रा खाल्ला होता. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस शोधायलाच चार दिवस गेले. त्यानं आधी नाही म्हटलं, मग ठेवून घेतला, आणि दोन आठवड्यांनी दीडशे रुपये घेऊन परत दिला. घरी आणून लावला तर सांगली आकाशवाणीवर हळदीचे बाजारभाव चालले होते. बदलू का, असं अम्मीला विचारलं. ती म्हणाली, राहू दे. भाव संपेपर्यंत ती बसून होती.